लिंकांच्या साइटवर ‘टॉप मेंबर’ ठरवायचा कसा? नुसता आकडा मोजून जमेना

अभ्यासिका_सातरस्ता

नमस्कार मंडळी. सोलापुरात सात रस्त्याजवळ आमची अभ्यासिका आहे, एमपीएससी, सरळसेवा, बँकिंग असं सगळं करणारी पोरं-पोरी बसतात, आणि दिवाळीपासून आम्ही एक साधी साइट चालवायलोय. काम एवढंच की कुणाला कामाची लिंक सापडली, म्हणजे आर्थिक पाहणीची पीडीएफ, एखादा नीट शिकवलेला व्हिडिओ, आयोगाचं पत्रक असलं काही, की त्यानं ती तिथं सेव्ह करायची, टॅग मारायचा, आणि दुसऱ्याला उपयोगाची वाटली तर त्यानं ती आपल्या खात्यात सेव्ह करून घ्यायची. जुनं डिलिशस कुणाला आठवत असेल तर तसलंच. व्हॉट्सॲपवर टाकलेली लिंक दोन तासात गुड मॉर्निंगच्या फुलांखाली गाडली जाते म्हणून हा खटाटोप.

आता भानगड अशी झालीय की मेंबर तीन-चारशेच्या घरात गेलेत आणि रोजच्या लिंका इतक्या की कुणाचं बघावं अन् कुणाचं सोडावं कळेना. म्हणून वर ‘टॉप मेंबर’ची यादी लावली, ज्याच्या लिंका जास्त त्याचा नंबर वर. झालं की ओ, एक गडी सकाळी चहाच्या आधी चाळीस-पन्नास लिंका ओतायला लागला, निम्म्या तर ‘या पाच योजना तुम्हाला माहीत आहेत का’ छापाच्या. तोच पहिला! आणि एक मुलगी आहे, महिन्याला फार तर सात-आठ लिंका टाकते, पण ती जे टाकते ते आठवड्याभरात अख्खी अभ्यासिका वाचत बसलेली असते. तिचं नाव पार खाली. मला खरं तर ती वर दिसायला पाहिजे.

लाइक मोजावेत तर दोस्त-दोस्त एकमेकांना लाइक मारणार हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. फॉलोअर मोजावेत तर जो बाहेर क्लास घेतो त्याचेच जास्त. पेजरँक-बिजरँक (गूगलची पानांना गुण द्यायची पद्धत) नुसतं ऐकून माहीत आहे. पीएचपी आणि मायएसक्यूएलमध्ये बसेल अशी एखादी सरळ पद्धत आहे का? कोडिंग मी आणि एक दोस्त मिळून करतो, गणित बारावीपर्यंतचं शाबूत आहे.

होटगीरोड_पायथन

मालक, यावर लोकांनी लय आधी डोकं फोडून ठेवलंय. डिलिशस २००३ ला आलं, २००५ च्या डिसेंबरात याहूनं विकत घेतलं, गर्दी वाढली तसे स्पॅमवाले पण आले, आणि तिथंही हाच प्रश्न पडला की या गर्दीतला खरा जाणकार ओळखायचा कसा. २००९ मध्ये मायकेल नोल, चिंग-मान ऑ येउंग आणि त्यांच्या सोबतच्या मंडळींनी बोस्टनच्या सिगर परिषदेत (माहिती शोधण्याच्या तंत्रावरची परिषद) ‘स्पिअर’ नावाची पद्धत मांडली, डिलिशसचाच डेटा घेऊन. तुम्हाला हीच लागणार.

मूळ कल्पना जॉन क्लाइनबर्गच्या ‘हिट्स’मधली आहे, १९९९ ची. त्यात वेबपानांना दोन गुण असतात, हब आणि ऑथॉरिटी. चांगल्या ऑथॉरिटीकडं बोट दाखवतो तो चांगला हब, आणि चांगले हब जिच्याकडं बोट दाखवतात ती चांगली ऑथॉरिटी. ऐकायला गोल गोल वाटतंय, पण सगळ्यांना एकेक गुण देऊन सुरुवात करायची, एकदा या बाजूनं बेरीज, एकदा त्या बाजूनं, दर फेरीला आकडे आटोक्यात आणायचे, आणि थोड्या फेऱ्यांत ते आपोआप स्थिर होतात. स्पिअरवाल्यांनी हबच्या जागी माणूस बसवला आणि ऑथॉरिटीच्या जागी लिंक. जाणकार माणूस चांगल्या लिंका धरतो, आणि चांगली लिंक ती जी जाणकारांनी धरलीय.

एवढ्यानं तुमचा पन्नास लिंकावाला काय खाली येत नाही, कारण दिसेल ते सेव्ह करत सुटलं की त्यात चांगल्या पण येतातच. इथं त्यांनी वेळ आणली, आणि माझ्या मते सगळी मजा यातच आहे. लिंक आधी कुणी शोधली आणि मागून कोण आलं हे बघायचं. समजा एक लिंक पाच जणांनी सेव्ह केली, तर पहिल्याला ५, दुसऱ्याला ४, असं करत शेवटच्याला १. मग त्या आकड्यांचं वर्गमूळ घ्यायचं, म्हणजे २.२४, २, १.७३, १.४१ आणि १. वर्गमूळ कशाला, तर एखादी लिंक चारशे जणांनी घेतली की पहिल्या माणसाला ४०० मिळून त्याचा नंबर जन्मभर पक्का झाला असता, वर्गमूळानं ते २० वर येतं. लवकर येण्याचा फायदा राहतो पण एकाच लिंकेवर कुणी पाटील होत नाही.

आणि हे टॅगवार चालवा, सगळ्यांचं एकत्र नको. पॉलिटीत (राज्यघटना-राज्यव्यवस्थेत) हुशार असलेला गडी गणितात काहीही सेव्ह करत असतो.

तुमच्याकडं युजर, लिंक, टॅग आणि वेळ एवढं एका टेबलात असेलच. चारशे माणसांचा हिशोब म्हणजे काहीच नाही, पीएचपीत दोन फोर-लूप लिहून रात्री क्रॉनला (ठरल्या वेळी आपोआप काम चालवणारी सोय) लावून टाका.

स्पॅमरचे त्यांनी तीन प्रकार केले होते ते पण सांगतो, तुम्हाला ओळखीचे वाटतील. पहिला ढिगानं ओतणारा, म्हणजे तुमचा चहाच्या आधीवाला. दुसरा स्वतःच्याच लिंका रेटणारा, त्या दुसरं कुणी घेत नाही म्हणून तो आपोआप खाली राहतो. तिसरा ट्रोजन. हा आधी भल्या माणसासारखा वागतो, चालू असलेल्या लिंका सेव्ह करून नाव कमावतो आणि मग मधूनच आपली जाहिरात सोडतो. तिघांत तोच चिवट.

चाटीगल्ली_टॉवेल

मला ते लूप-बिप कळत नाही, धंदा टॉवेल-चादरीचा, पण पोरगी अभ्यासिकेत बसते म्हणून वाचायलो. आमच्या लाइनीत पण नवीन डिझाइन पहिल्यांदा कोण उतरवतो याला मान असतोय, नंतर एमआयडीसीतले सगळे माग तेच विणतात. पण जो दर महिन्याला दहा डिझाइनं उतरवतो आणि त्यातलं एक चालतंय, त्याच्या गोदामात नऊ डिझाइनांचा माल धूळ खात पडलेला असतो. त्याला आम्ही हुशार म्हणत नाही, उधळ्या म्हणतो. तुमच्या हिशोबात ती धूळ कुठं धरलीय?

होटगीरोड_पायथन

@चाटीगल्ली_टॉवेल अण्णा, लाख बोललात. धरलेलीच नाही. कुणीच न घेतलेल्या लिंकेची किंमत जवळपास शून्य येते, म्हणून तिचा फायदा नाही, पण तोटा पण नाही. म्हणजे कुणी सगळंच सगळ्यांच्या आधी सेव्ह केलं तर काही ना काही लागणारच, आणि न लागलेल्याचा दंड कुणी भरत नाही.

माझं मत विचाराल तर प्रत्येकाचा शेवटचा आकडा त्यानं टाकलेल्या एकूण लिंकांच्या वर्गमूळानं भागावा. सरळ एकूण संख्येनं भागलं तर ज्यानं आयुष्यात एकच लिंक टाकली आणि ती नेमकी चालली तो पहिला येतो, ते पण बरं नाही. शिवाय त्या टॅगमध्ये निदान आठ-दहा लिंका झाल्याशिवाय यादीत घेऊच नका. हे स्पिअरच्या पेपरात (शोधनिबंधात) नाही, आपल्या डोक्यातलं आहे, चालवून बघा.

जुना_डिगवाला

गणित चांगलं चाललंय पण एक विचारतो, यादी दाखवायचीच कशाला बे?

डिगचं काय झालं ते बघा. २००४ ला सुरू झालं, लोक लिंक टाकायचे, बाकीचे ‘डिग’ करायचे, जास्त डिग मिळाले की पहिल्या पानावर. टॉप युजरची यादी होती. २००६ मध्ये डिगसारखीच साइट झालेल्या नेटस्केपच्या जेसन कॅलकॅनिसनं उघड जाहीर केलं की डिग, डिलिशस, रेडिटवरच्या टॉपच्या लोकांनी आमच्याकडं येऊन लिंका टाकाव्यात, महिन्याला १,००० डॉलर देतो. म्हणजे यादी नुसती मानाची न राहता भाव ठरवायची पाटी झाली. २००७ च्या फेब्रुवारीत डिगनं ती यादी स्वतःच काढून टाकली. पण यादी गेली म्हणून टोळ्या जात नाहीत. क्रिस्टिना लर्मन म्हणून संशोधक आहेत, त्यांनी डिगचा डेटा तपासला तेव्हा दिसलं की लोक आपल्या मित्रांनी टाकलेल्या गोष्टींनाच जास्त डिग करतात, त्यामुळं ज्याचं मित्रमंडळ मोठं त्याच्या लिंका पहिल्या पानावर सहज. लिंक कशी आहे हा विषय नंतरचा. पुढं २०१० च्या ऑगस्टला डिगनं नवीन आवृत्ती आणली, लोक भडकून रेडिटवर गेले आणि खेळ आटोपला.

तुम्ही फॉलोअर मोजत नाही ते बेस्ट करताय. ट्विटरवर २०१० मध्ये मियंग चा आणि सहकाऱ्यांनी मोठा अभ्यास केला होता, त्यात निघालं की ज्याचे फॉलोअर जास्त त्याचेच रीट्विट जास्त असं काही होत नाही, दोन्ही याद्या बऱ्याच वेगळ्या. ओळख असणं वेगळं आणि सांगितलेलं लोकांनी पुढं नेणं वेगळं.

क्लाउट आठवतंय का? सोशल मीडियावर कुणाचा किती प्रभाव याचा १ ते १०० मध्ये प्रत्येकाला आकडा, लोक तो मिरवायचे. २०१८ च्या मे महिन्यात गुंडाळलं.

आणि मला सगळ्यात जास्त भीती आहे ती दिसण्याची. सॅल्गानिक, डॉड्स आणि वॉट्स यांचा २००६ चा प्रयोग आहे, १४,००० च्या आसपास लोक, ४८ अनोळखी गाणी. काहींना इतरांनी किती वेळा डाउनलोड केलं ते दाखवलं, काहींना नाही. जिथं आकडे दाखवले तिथं वरची गाणी जास्तच वर गेली आणि खालची जास्तच खाली. वर आकडे दाखवलेले असे आठ वेगवेगळे गट केलेले, तर प्रत्येक गटात हिट झालेलं गाणं तेच असेल याची खात्री नाही. एकदम रद्दी गाणं क्वचितच वर गेलं हे खरं, पण मधल्यांचं काहीही होऊ शकत होतं. २०१३ मध्ये अजून एक प्रयोग झाला, एका बातम्यांच्या साइटवर कॉमेंटला सुरुवातीलाच उगाच एक प्लस मत दिलं, तर शेवटचं रेटिंग सरासरी २५ टक्क्यांनी फुगलं. एका मतानं!

तेव्हा तुमच्या त्या मुलीला तुम्ही यादीत एक नंबरवर चढवलं, की दुसऱ्या दिवसापासून पोरं तिची लिंक ‘ती टाकतेय म्हणून’ सेव्ह करणार. मग तुमचं स्पिअर म्हणणार, बघा, हिच्या मागून किती लोक आले, अजून वर चढवा. आपणच फुंकायचं आणि आपणच म्हणायचं वारा सुटला.

आतल्या आत रँक ठेवा, त्यावर लिंकांचा क्रम लावा, पण माणसाच्या नावापुढं आकडा नको.

अभ्यासिका_सातरस्ता

सगळ्यांचे आभार. दोस्तानं आणि मी बसून स्पिअर चालवलं, आधी फक्त पॉलिटी आणि चालू घडामोडी या दोन टॅगवर. पॉलिटीत जे पाहिजे होतं तेच आलं, ती मुलगी दुसरी, ओतणारा गडी पहिल्या पंचवीसात पण नाही. पहिला जो आला तो एक गप्प बसणारा मुलगा आहे, बार्शीहून येऊन-जाऊन करतो, कुणाच्या ध्यानातच नव्हता. त्याच्या लिंका उघडून बघितल्या, संविधान सभेच्या चर्चांचे मूळ मजकूर, विधिमंडळाची जुनी कामकाजं, असला माल. लय आनंद झाला.

पण चालू घडामोडीत गंमत झाली. पहिला आलेला मेंबर कोण, तर ज्यानं आयोगाच्या आणि पीआयबीच्या (केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाच्या) साइटवर अलर्ट लावून ठेवलाय. पत्रक आलं की मिनिटात सेव्ह. ते पत्रक सगळेच नंतर घेणार, कारण परीक्षेची तारीख कोण सोडतो? म्हणजे याला सगळ्या लिंकांत पहिल्याचे गुण. फसवतोय असं पण म्हणता येत नाही, उलट उपयोगच आहे, पण त्यानं काय शोधलं? ते तर येणारच होतं. याला काय करायचं?

जुना_डिगवाला साहेब, नावापुढचा आकडा काढतोय. पोरं बोंब मारायलेत, पण बघू.

होटगीरोड_पायथन

हा खरा प्रश्न आहे, आणि याला पेपरातलं औषध अर्धंच पुरतं.

दोन गोष्टी करा. एक, आयोग, पीआयबी, शासन निर्णयाची साइट, अशा ज्या जागा सगळे रोज उघडतात त्यांची छोटी यादी हातानं बनवा आणि तिथल्या लिंकांना ‘पहिला आला’चा फायदा देऊ नका, सगळ्यांना सरसकट १. त्या लिंका साइटवर वेगळ्या पट्टीत लावा, ‘सूचना’ म्हणून. हवं तर त्या अलर्टवाल्याला त्या पट्टीचा मालक करा, खूश होईल.

दुसरी गोष्ट जरा खोल आहे. २०१० च्या सुमाराला एचपी लॅब्जमध्ये रोमेरो, ह्युबरमन वगैरेंनी ट्विटरवर काम केलं, त्यांचं म्हणणं असं की बहुतेक लोक निष्क्रिय असतात, नुसतं बघतात, पुढं काही ढकलत नाहीत. मग खरा प्रभाव कुणाचा, तर जो अशा ढिम्म लोकांना हलवतो त्याचा. जो समोर येईल ते पुढं पाठवतो त्यानं तुमचं पाठवलं तर त्यात काय विशेष? तुमच्याकडं पण असे असतीलच की, रोज साइट बघतात आणि महिन्यातून एखादीच लिंक सेव्ह करतात. असल्या माणसानं मागून येऊन सेव्ह केलं तर त्याचं वजन जास्त धरा, आणि दिसेल ते सेव्ह करणाऱ्याचं कमी. सोपं करायचं तर मागून येणाऱ्या प्रत्येकाला १ न मोजता, त्यानं बघितलेल्या लिंकांपैकी किती सोडून दिल्या तो हिस्सा मोजा. शंभर बघून दोन घेणारा ०.९८, शंभर बघून ऐंशी घेणारा ०.२. यानं मित्रांची टोळी पण पातळ होते, कारण टोळीतला माणूस मित्राचं सगळंच घेत असतो. क्लिकचा लॉग ठेवता ना? नसेल तर आजपासून ठेवा.

जुन्याचं काय करायचं ते पण ठरवून टाका. ज्याचं सिलेक्शन झालं आणि माळशिरसला तलाठी म्हणून गेला तो अजून दोन वर्षं तुमच्या यादीत पहिला कशाला पाहिजे? सहा महिन्यांपूर्वीच्या सेव्हचं वजन निम्मं, वर्षापूर्वीचं पाव, असं उतरत न्या.

ग्रंथपाल_विजापूररोड

मी कॉलेजच्या लायब्ररीत आहे, म्हणून माझी शंका जरा वेगळी. तुम्ही ‘पहिला कोण’ यावर एवढा डोलारा उभा करताय, पण लिंक एकच आहे हे तुम्ही ओळखता कसं?

आमच्याकडं ई-रिसोर्सची यादी करताना हे रोज बघते. तीच पीडीएफ कुणी एचटीटीपीनं दिलेली, कुणी एचटीटीपीएसनं, कुणाच्या शेवटी तिरकी रेघ, कुणाच्या नाही. व्हॉट्सॲपवरून आलेल्या लिंकेला मागं ‘यूटीएम सोर्स’ची, म्हणजे लिंक कुठून आली ते सांगणारी, लांब शेपटी. यूट्यूबचा एकच व्हिडिओ मोबाइलवरून शेअर केला की छोट्या पत्त्यानं येतो आणि कंप्युटरवरून कॉपी केला की मोठ्या, वर कुठल्या सेकंदापासून सुरू करायचा तो आकडा. तुमच्या डेटाबेसला या चार वेगळ्या लिंका वाटणार, म्हणजे चार वेगळे ‘शोधणारे’! बार्शीच्या मुलानं पहिल्यांदा टाकलेली लिंक कुणी शेपटीसकट परत टाकली आणि बाकीच्यांनी तीच घेतली, तर सगळं श्रेय शेपटीवाल्याला जाईल.

टॅगचं पण तेच. पॉलिटी, राज्यघटना, राज्यशास्त्र, भारतीय संविधान, आणि रोमनमध्ये लिहिणारे वेगळेच. लोकांनी आपापल्या मनानं टॅग मारायचे या प्रकाराला थॉमस व्हँडर वाल यांनी २००४ मध्ये फोक्सोनॉमी नाव दिलं, छान वाटतं ऐकायला, पण टॅगवार रँक काढायचा तर एकच विषय पाच तुकड्यांत फुटलेला चालणार नाही. लोकांना हवं ते लिहू द्या, त्यांना अडवू नका, पण मागं एक टेबल ठेवा, कुठला टॅग कुठल्यात मोजायचा त्याचं. ते काम एखाद्या माणसानंच करावं, मशीनवर सोडलं तर ‘सोलापूरचा इतिहास’ आणि ‘प्राचीन इतिहास’ एकात घालून मोकळं होईल.

अभ्यासिका_सातरस्ता

मॅडम, लगेच डेटाबेस उघडून बघितला. राज्यघटनेच्या एकाच पीडीएफचे अकरा अवतार सापडले, त्यात एकाच्या मागं फेसबुकची एवढी मोठी शेपटी की मोबाइलच्या स्क्रीनवर मावेना. हे आधी साफ करतो, शेपट्या कापणारं एक फंक्शन दोस्त लिहायलाय, पण काही सरकारी साइटवर प्रश्नचिन्हाच्या पुढचा आकडा काढला की लिंक थेट होमपेजवरच जाते, तो आकडाच फाइलचा नंबर असतोय. म्हणजे सरसकट कापून चालणार नाही.

ग्रंथपाल_विजापूररोड

सरसकट नका कापू. यूटीएम, एफबीक्लिड, जीक्लिड अशी ओळखीची नावं तेवढी काढा, बाकी राहू द्या. आणि पीडीएफ असेल तर फाइल एकदा उतरवून तिचा हॅश (फाइलच्या मजकुरावरून निघणारा ठशासारखा आकडा) काढून ठेवा, पत्ता कुठलाही असो, हॅश सारखा आला की फाइल तीच. टॅगची यादी मला पाठवा, शनिवारी दुपारी लायब्ररीत गर्दी नसते, बसून लावून देते.